परतीची वाट वाचणाऱ्यांना

लिनक्स कर्नलच्या सर्व मेंटेनर मंडळींस,


पॅच पाठवून पाच दिवस होतात आणि सहाव्या दिवशी उत्तर येते. मजकूर एका ओळीचा : एरर पाथ बरोबर नाही, दुरुस्त करून पुन्हा पाठवा. पॅच पाठवणारी मुलगी पुण्याच्या एखाद्या वसतिगृहात असते, नाहीतर नाशिकच्या घरी, परीक्षा आटोपून लॅपटॉप उघडून बसलेली. ती आपला दीडशे ओळींचा ड्रायव्हर पुन्हा वाचते. तिला सगळे ठीकच दिसते, कारण तिच्या मशिनवर ते सगळे ठीकच चालते. विचारावे कोणाला, हा प्रश्न. आणि विचारले तर एवढेही कळत नाही असे वाटेल, ही भीती. शेवटी ती अंदाजाने एके ठिकाणी केफ्रीची, म्हणजे मेमरी मोकळी करण्याची, एक ओळ वाढवते आणि दुसरी आवृत्ती पाठवून देते. पहिल्या आवृत्तीत नुसती गळती होती. दुसरीत आपोआप परत जाणार असलेली मेमरी दोनदा मोकळी होऊ लागते. आगीतून फुफाट्यात.

आपली ओळ खरी होती. चूक खरोखरच होती. तरीही रिव्ह्यूनंतरचा कोड रिव्ह्यूआधीच्या कोडपेक्षा वाईट झाला. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

पत्र खुले आहे म्हणजे ते आपल्याबरोबर इतरही वाचणार. त्यांच्यासाठी थोडे सांगणे आले. कर्नल म्हणजे संगणकाच्या तळाशी बसलेला, मेमरी, डिस्क, नेटवर्क आणि प्रत्येक यंत्र सांभाळणारा प्रोग्राम. त्यात सुचवलेला बदल म्हणजे पॅच, आणि तो वाचून मंजूर करणारे ते मेंटेनर. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत सुरू केलेला लिनक्स कर्नल आज तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे. प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात तो आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे त्याच्यावर चालतात. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली आलेला 'प्रत्यूष' त्याच यादीत होता. कोकणातल्या पावसाचा हिशेब ज्या यंत्रावर मांडला जातो, त्याच्या तळाशीही आपणच वाचून मंजूर केलेला कोड असतो.

एवढ्या कोडचा मोठा भाग 'काम झाले नाही तर काय करायचे' याचा आहे. नवख्याला हे माहीत नसते. कॉलेजात प्रोग्राम म्हणजे काम करून दाखवणारी गोष्ट. कर्नलमध्ये मात्र जवळजवळ प्रत्येक मागणीनंतर थांबून बघावे लागते : मिळाले का? नाही मिळाले, तर तोवर जे जे घेतले ते ते परत करून निघायचे. हाच एरर पाथ.

वर सांगितलेल्या मुलीचाच ड्रायव्हर, म्हणजे एका यंत्राला कर्नलशी जोडणारा कोड, घेऊ. यंत्र जोडले की त्याचे प्रोब फंक्शन चालते. ते आधी बफरसाठी मेमरी मागते. मग यंत्राचे क्लॉक सुरू करते. मग इंटरप्टची नोंदणी करते, म्हणजे यंत्राने हाक मारली की कोणत्या फंक्शनने ओ द्यायची ते सांगून ठेवते. शेवटी वरच्या थराला कळवते की यंत्र तयार आहे. अशा चार पायऱ्या. चौथी फसली तर तिसरी, दुसरी, पहिली या क्रमाने उलगडत मागे यायचे. मांडव घालणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. घालताना खांब आधी आणि कापड शेवटी, उतरवताना कापड आधी. पण मांडव रोज उतरतो. कर्नलमधली ही परतीची वाट वर्षानुवर्षे कोणी चालतच नाही.

सी भाषेत ही वाट गोटूने, म्हणजे नाव दिलेल्या ओळीवर (लेबलावर) थेट उडी मारून, बांधतात, आणि नवखा पहिल्यांदा अडखळतो तो इथेच. एड्सगर डायक्स्ट्रा यांचे गोटूविरुद्धचे गाजलेले लिखाण मार्च १९६८ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मध्ये छापून आले. तेही संपादकाला लिहिलेले पत्रच होते. त्याचा खळबळजनक मथळा संपादक निकलाउस विर्थ यांनी दिला. तेव्हापासून गोटू म्हणजे पाप, हे शिक्षक सांगत आले आणि विद्यार्थी पाठ करत आले. कर्नलच्या कोडिंग स्टाइलच्या दस्तऐवजात मात्र सातवे प्रकरण नेमके उलटे सांगते : फंक्शनमधून बाहेर पडायच्या वाटा अनेक असतील आणि प्रत्येक वाटेवर आवराआवर करायची असेल, तर गोटू वापरून ती एका जागी आणा. लेबलाला नाव द्या ते तिथे काय होते ते सांगणारे, 'बफर मोकळा कर' असे. 'एरर एक', 'एरर दोन' अशी नावे नकोत, कारण मध्ये एक पायरी वाढली की सगळे आकडे बदलावे लागतात.

त्याच प्रकरणात 'एकच एरर लेबल' या जातीच्या चुकीचे उदाहरण आहे, आणि ते फार मोलाचे आहे. सगळ्या अपयशांसाठी एकच लेबल. तिथे आधी एका वस्तूच्या आतला भाग मोकळा करायचा, मग ती वस्तू. वाचायला सुटसुटीत. पण काही वाटांनी तिथे पोहोचाल तेव्हा ती वस्तूच मिळालेली नसते. पॉइंटर शून्य असतो आणि त्या शून्याच्या आत डोकावताच कर्नल कोसळतो. उपाय साधा : लेबले दोन करा. दस्तऐवज पुढे असेही सुचवतो की बाहेर पडायच्या सगळ्या वाटा कृत्रिम चुका घडवून तपासाव्यात. हे वाक्य त्या प्रकरणाच्या अगदी शेवटी आहे, म्हणून बहुतेकांच्या नजरेतून सुटते. खरे म्हणजे ते पहिले असायला हवे होते.

ही वाट न चाललेली राहते याचे एक कारण कर्नलच्या स्वभावातच आहे. डिसेंबर २०१४ मध्ये जोनाथन कॉर्बेट यांनी 'एलडब्ल्यूएन' या कर्नलच्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळावर यावर लिहिले, तेव्हा कर्नलवर वर्षानुवर्षे काम केलेल्यांनाही नवल वाटले. आठ पाने किंवा त्याहून कमी मेमरी मागितली, म्हणजे नेहमीच्या मशिनवर ३२ किलोबाइटपर्यंत, तर कर्नल सहसा नाही म्हणतच नाही. तो थांबतो, इतरांची मेमरी परत मिळवतो, वेळ पडली तर एखादा प्रोग्राम मारतो, पण मागणी पुरी करतो. बहुतेक मागण्या याच आकाराच्या. म्हणजे 'मेमरी मिळाली नाही तर' म्हणून लिहिलेल्या हजारो ओळींपैकी बऱ्याचशा कधीच चाललेल्या नाहीत. त्या लिहिल्या गेल्या, रिव्ह्यू झाल्या, मर्ज झाल्या आणि तशाच पडून आहेत. एके दिवशी, कुठल्या तरी ताणाच्या क्षणी, त्या पहिल्यांदाच चालणार.

म्हणून एरर पाथ पहिल्यांदा चालतो तो रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोक्यात. पुष्कळदा तेवढाच चालतो. आपल्यावर केवढा भार आहे याची या पत्राला पूर्ण जाणीव आहे : दर नऊ-दहा आठवड्यांना नवी आवृत्ती, तीत साधारण दहा हजारांहून अधिक बदल, आणि वाचणारी माणसे मोजकी. रात्र थोडी, सोंगे फार. तरीही चालत्या कोडवरची टिप्पणी आणि या न चाललेल्या कोडवरची टिप्पणी एका तागडीत तोलता येत नाही. चालत्या कोडची चूक वापरणारा उद्या सांगेल. इथली चूक सांगायला कोणी येणार नाही.

आकडे पाहिले तर गांभीर्य कळते. विस्कॉन्सिन विद्यापीठात हर्यादी गुनावी आणि सहकाऱ्यांनी २००८ साली लिनक्सच्या सगळ्या फाइल सिस्टिम आणि स्टोरेजचे तीन मोठे ड्रायव्हर चाळले. प्रश्न एकच होता : खालून आलेला एररचा निरोप वरपर्यंत पोहोचतो का? १,१५३ ठिकाणी तो वाटेतच टाकून दिलेला आढळला. तपासलेल्या फंक्शन-हाकांपैकी तेरा टक्के. वाचतानाच्या चुकांपेक्षा लिहितानाच्या चुका जास्त दुर्लक्षित. आणि काळजीत टाकणारी गोष्ट पुढेच आहे : यातली पुष्कळ ठिकाणे नजरचुकीची नव्हती, लिहिणाऱ्याने जाणूनबुजून निरोप सोडून दिला असावा असे दिसत होते. त्याच विद्यापीठातून २०१३ साली आणखी एक अभ्यास आला. सहा फाइल सिस्टिममधले आठ वर्षांचे ५,०७९ पॅच वाचून काढलेले. सापडलेल्या दोषांपैकी जवळजवळ चाळीस टक्के एरर हाताळणाऱ्या वाटांवर होते. एक चूक सावरायला गेलेला कोड दुसरी करून बसतो.

हरवलेला निरोप किती महागात पडतो ते २०१८ साली पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींना कळले. डेटाबेस आपले लिखाण आधी मेमरीत करतो आणि मग एफसिंक ही हाक देऊन कर्नलला विचारतो : डिस्कवर पोहोचले का? डिस्कने नकार दिला तर कर्नल एकदा 'चूक झाली' सांगत होता. पण ती पाने मात्र 'स्वच्छ', म्हणजे लिहून झालेली, अशी नोंदत होता. डेटाबेसने साहजिकच पुन्हा विचारले. आता लिहायचे काही उरलेलेच नव्हते. कर्नल म्हणाला, सगळे ठीक. आणि डेटाबेसने आपली राखीव नोंदवही निर्धास्तपणे पुढे सरकवली. डेटा डिस्कवर नव्हता, मेमरीतही खात्रीचा नव्हता, आणि कागदोपत्री मात्र यश. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोस्टग्रेसने आपला मार्ग बदलला : एफसिंक एकदा फसले की पुन्हा प्रयत्न न करता स्वतःहून कोसळायचे आणि नोंदवहीवरून सगळे पुन्हा उभे करायचे. एका फसलेल्या हाकेचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या जाणत्या माणसांनी वीसेक वर्षे स्पष्ट विचारलाच नव्हता.

एररचा आकडाही असाच जपून वापरायची गोष्ट. कर्नलमधले फंक्शन फसले की उणे आकडा परत करते : मेमरी नाही तर उणे बारा, डिस्कची चूक तर उणे पाच, चुकीची विनंती तर उणे बावीस, असली फाइलच नाही तर उणे दोन. डिसेंबर २०१२ मध्ये व्हिडिओच्या भागातल्या एका बदलामुळे एका हाकेला 'ईइन्व्हॅल'च्या जागी 'ईनोएन्ट' परत येऊ लागले, बावीसच्या जागी दोन. कर्नलच्या दृष्टीने दोन्ही अपयशच. पण वरच्या थरातले प्रोग्राम, त्यांत आवाजाची व्यवस्था पाहणारा पल्सऑडिओही, त्या विशिष्ट आकड्यावर विसंबून होते, ते बिघडले. आपल्याकडे 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका शनिवारवाड्याशी कायमची जोडली गेली आहे : पत्रातल्या 'धरावे'चे 'मारावे' झाले आणि १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा जीव गेला, असे सांगतात. एररचा आकडा बदलणे हा तसाच प्रकार आहे. पत्र पोहोचते, अर्थ बदललेला असतो, आणि वाचणारा त्याप्रमाणे वागून मोकळा होतो.

२०१२ च्या त्या प्रसंगी टोरवाल्ड्स यांनी काढलेले टीकेचे पत्र आजही लोक एकमेकांना दाखवतात. त्यातला तांत्रिक मुद्दा शंभर टक्के बरोबर होता : वापरकर्त्याचा चालता प्रोग्राम कर्नलने मोडायचा नाही, आणि ईनोएन्ट हे फाइलच्या मार्गासाठी आहे, अशा हाकेसाठी नव्हे. पण लोकांच्या लक्षात काय राहिले? बहुतेकांच्या लक्षात राहिला तो आवाज. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या अशा बोलण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामातून रजा घेतली, आणि त्याच सुमारास कर्नलने आचारसंहिता स्वीकारली. ते उत्तमच झाले. फक्त एक गोष्ट मागे राहिली. सूर मऊ झाला म्हणजे टिप्पणी पुरेशी झाली असे नाही. 'कृपया एरर पाथ पाहाल का?' ही ओळ सभ्य आहे, पण तिच्यातून त्या मुलीच्या हाती काहीच लागत नाही.

मग पुरेशी टिप्पणी कशी असते? तिच्याच ड्रायव्हरवर ती अशी लिहिता आली असती :

'इंटरप्टची नोंदणी फसली की तुम्ही थेट परत फिरता. त्या क्षणी हातात दोन गोष्टी आहेत : बफर आणि चालू क्लॉक. बफर डेव्हएमने घेतलेला आहे, तो आपोआप परत जाईल, त्याला हात लावू नका. क्लॉक आपोआप बंद होणार नाही. ते कोण बंद करणार?'

पाच छोटी वाक्ये, लिहायला दोन मिनिटे. तिच्या चुकीची जागा कळली, कारण कळले, आणि जी केफ्रीची ओळ ती अंदाजाने घालणार होती, तीही आधीच थांबली. डेव्हएम ही यंत्राच्या आयुष्याला बांधलेली व्यवस्था. तेजून हिओ यांनी ती २००७ साली आणली. यंत्र गेले किंवा प्रोब फसले की तिने घेतलेल्या गोष्टी उलट क्रमाने आपोआप परत जातात. उपकारच आहेत तिचे. पण अर्ध्या गोष्टी आपोआप आणि अर्ध्या हाताने, असे झाले की क्रम बिघडतो. इंटरप्ट डेव्हएमने नोंदवला आणि बफर हाताने घेतला असे समजा. ड्रायव्हर निघताना बफर आधी मोकळा करतो; इंटरप्टची नोंद त्यानंतर सुटते. मधल्या क्षणात यंत्राने हाक मारली तर ओ देणारे फंक्शन मोकळ्या झालेल्या बफरमध्ये लिहिते. ही चूक वाचून दिसत नाही. क्रम मनात चालवून पाहावा लागतो. तो चालवून आपण पाहता. दिसलेले लिहून ठेवा, एवढीच मागणी आहे.

काही वेळा चूक पॅच पाठवणाऱ्याची नसतेच. पीएम रनटाइम गेट सिंक हे फंक्शन यंत्राला झोपेतून उठवते. ते फसले तरी वापराची मोजणी मात्र एकाने वाढवून ठेवते. जे मिळाले नाही ते परत करायचे नसते, हा जगाचा नियम इथे मोडतो. कितीतरी ड्रायव्हरांत यामुळे मोजणी वाढलेलीच राहिली. अशा गळत्या बुजवणारे कितीतरी पॅच येऊन गेले. शेवटी २०२० च्या अखेरीस ५.१० आवृत्तीत नवे फंक्शन आले, जे फसल्यावर मोजणी स्वतःच पूर्ववत करते. डिव्हाइस रजिस्टरची गत तीच : ते फसले तरी ती वस्तू थेट मोकळी करायची नाही, पुट डिव्हाइसनेच सोडायची. तशी स्पष्ट ताकीद फंक्शनच्या वर लिहिलेली आहे, आणि लोक तरीही चुकतात. परत मिळालेल्या पॉइंटरचेही असेच. काही फंक्शने फसल्यावर शून्य देतात, काही पॉइंटरच्याच पोटात एररचा आकडा घालून देतात, पत्त्यांच्या अगदी वरच्या ४,०९५ जागांत तो मावतो. दुसऱ्या जातीच्या पॉइंटरला नवखा विचारतो, 'तू शून्य आहेस का?' तो शून्य नसतो. तपासणी पास, आणि पुढच्याच ओळीत कर्नल एररचा आकडा पत्ता समजून तिथे जातो. एकच टिप्पणी वेगवेगळ्या पॅचवर दहाव्यांदा लिहावी लागत असेल, तर ती टिप्पणी त्या दहा जणांसाठी नसून फंक्शनच्या रचनेवर असते. त्या फंक्शनच्या मालकाकडे ती जावी.

एरर पाथच्या दुरुस्त्यांवर डोळे मिटून विश्वास टाकणेही परवडणारे नाही. २०२१ चे मिनेसोटा विद्यापीठाचे प्रकरण आपण विसरला नसाल. तिथल्या संशोधकांनी खोट्या नावांनी काही छोटे पॅच पाठवले होते. वरवर ते एखादी गळती बुजवणारे, आतून मोकळी झालेली मेमरी वापरायला लावणारे. त्यांनी एरर पाथ निवडला हा योगायोग नव्हता. तिथे एक 'मोकळे कर' वाढवले तर कोणालाही ते चांगलेच काम वाटते. त्यांचे वाईट पॅच कर्नलमध्ये शिरले नाहीत. एप्रिलमध्ये कर्नलचे मेंटेनर ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाचे काम घेणे थांबवले, १९० बदल मागे घेण्याचा प्रस्ताव आला, संशोधकांनी शोधनिबंध मागे घेतला.

पण नंतरच्या तपासणीतले आकडे त्या वादापेक्षा जास्त बोलके आहेत आणि त्यांची चर्चा फारच कमी झाली. लिनक्स फाउंडेशनच्या तांत्रिक सल्लागार मंडळाने त्या विद्यापीठातून आलेले ४३५ बदल पुन्हा वाचून घेतले. ३४९ बरोबर होते. ३९ चुकीचे निघाले. आणखी २५ मधली चूक पुढच्या कोणी तरी आधीच दुरुस्त केलेली होती. हे बदल फसवायला पाठवलेले नव्हते. ते प्रामाणिक होते, रीतसर रिव्ह्यू होऊन मर्ज झालेले. त्यातले बरेचसे 'इथे तपासणी राहिली' अशाच जातीचे. म्हणजे साधारण सातातला एक बदल चुकीचा, आणि तरी आपल्या चाळणीतून गेलेला. फसवणारा पकडला गेला याचे समाधान मानायचे, की प्रामाणिक माणसाची चूक निसटली याची काळजी करायची? हे पत्र काळजी करणाऱ्यांच्या बाजूचे आहे.

यावर इलाज आहे, आणि तो आपल्याच घरात आहे. अकिनोबू मिता यांची फॉल्ट इंजेक्शनची व्यवस्था २००७ च्या २.६.२० आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे. मेमरीची मागणी मुद्दाम फसवायची, डिस्कचे काम मुद्दाम फसवायचे. २०१७ पासून तर फेल-एन्थ नावाची सोय आहे : प्रोसेसला सांगायचे की पहिली मागणी नाकार. मग पुन्हा चालवून दुसरी नाकार, मग तिसरी, जोवर नाकारायला काही उरत नाही तोवर. केसॅन लावलेला असेल तर मोकळी मेमरी वापरली की तो बोंब मारतो, केमेमलीक गळती दाखवतो. सिझकॉलरसारखी साधने याच युक्तीने रोज दोष शोधतात. पण नवख्याच्या पहिल्या पॅचवर कोणी विचारत नाही, 'ही वाट तुम्ही चालवून पाहिली का?' पॅच पाठवणाऱ्याने बदलाच्या वर्णनात एक ओळ लिहावी : कोणती पायरी फसवून पाहिली आणि काय दिसले. नसेल पाहिले तर तसे लिहावे. ती ओळ नसेल तर मेंटेनरने ती मागावी. चालत्या कोडची चाचणी मागायला आपण कधी संकोचत नाही.

नवी साधने आली म्हणून हा प्रश्न मिटला, असे कोणी समजू नये. ऑगस्ट २०२३ च्या ६.५ आवृत्तीत पीटर झिल्स्ट्रा यांनी आणलेली क्लीनअपची सोय फार चांगली आहे : फंक्शनमधून कुठूनही बाहेर पडा, लॉक आपोआप सुटते, मेमरी आपोआप परत जाते. गोटूची शिडीच नको. पण शिडी आणि ही सोय एकाच फंक्शनात मिसळू नका, असे तिच्या दस्तऐवजातच बजावले आहे. व्हेरिएबल वर शून्य म्हणून जाहीर करून खाली किंमत भरली तर आवराआवरीचा क्रम उलटसुलट होऊ शकतो, हेही तिथे आहे. आणि आता पॅच येऊ लागले आहेत ते नेमके असे अर्धे-अर्धे, जुन्या फंक्शनात दोन ओळी नव्या पद्धतीच्या घातलेले. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून आलेल्या रस्ट भाषेत एररकडे डोळेझाक केली तर कंपायलरच टोकतो आणि एका प्रश्नचिन्हाने निरोप वर जातो. पण वर जाणारा निरोप योग्य आहे का, 'ध' आहे की 'मा', हे प्रश्नचिन्हाला कळत नाही.

पुण्यात स्टोरेजच्या कंपन्यांमध्ये फाइल सिस्टिमवर आयुष्य काढलेली माणसे आहेत. त्यांना विचारा, कर्नल कसा शिकलात, तर पुस्तकाचे नाव क्वचित निघते. कोणी तरी कधी तरी केलेल्या एका टिप्पणीची आठवण निघते. 'त्यांनी मला विचारले होते, लॉक हातात असताना तू परत फिरलीस, आता पुढचा किती वेळ थांबेल?' वीस वर्षांपूर्वीचे वाक्य तोंडपाठ असते. त्यांच्या क्षेत्राचा अभ्यासक्रम हाच, आणि तो आपण दररोज, घाईत, फुकट लिहीत असता.

म्हणून विनंती अशी. एरर पाथवर आक्षेप घ्याल तेव्हा ती वाट शब्दांत चालून दाखवा : कोणती पायरी फसली, त्या क्षणी हातात काय होते, परत काय राहिले. तिन्ही गोष्टी लिहायला वेळ नसेल तर तिसरी तरी लिहा. वाट कळली नसेल तर 'मला कळले नाही, तुम्ही चालवून दाखवा' एवढे लिहिलेत तरी ते 'दुरुस्त करा'पेक्षा पुष्कळ आहे.

त्या मुलीने आता तिसरी आवृत्ती पाठवली आहे. तिसरी पायरी फसली तर क्लॉक बंद करणारे लेबल तिने घातले आहे, चुकून वाढवलेली केफ्री काढली आहे, आणि वर्णनात लिहिले आहे की फेल-एन्थने एक ते नऊ मागण्या एकेक करून फसवल्या, सातव्या वेळी अजून काही तरी गळते असे केमेमलीक म्हणतो आणि ते तिला समजलेले नाही. ती सातवी मागणी वाचून पाहावी.



आपला,
या कोडवर रोज विसंबलेला एक वाचक